आजचा अभ्यास : झोप सांभाळा, जप सांभाळेल

फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही, असं भगवंत गीतेत सांगतात (अध्याय ६, श्लोक १६). आपण मात्र रात्री बारापर्यंत मोबाईल बघतो आणि पहाटे जपाला बसून डुलक्या घेतो. मग म्हणतो, मन लागत नाही!

रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. चहातलं कॅफिन साधारण पाच तासांनीही निम्मं अंगात असतं.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी पाळूया :
१) सकाळी दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर, उजेडात.
२) दुपारी चारनंतर चहा-कॉफी नाही.
३) झोपण्याआधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत, त्या वेळात सगळ्यांनी मिळून नामस्मरण.