दोन रंगांची दाणेदार सुती बंडी : क्रोशाचे विणकाम आणि मजुरीचा हिशोब

कोकणातील बहुतेक घरांत क्रोशाची सुई माहीत आहे. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्यापुढील आसन अशा वस्तू घरोघर विणल्या जातात. मात्र या कलेचा उपयोग अंगावर घालण्याच्या टिकाऊ कपड्यासाठी फारसा केला जात नाही. ज्यांना साखळी आणि खांब घालता येतो, त्यांना कोणताही आकार न देता, केवळ तीन सरळ तुकडे विणून चांगली बंडी तयार करता येते. या लेखात अशा बंडीची संपूर्ण कृती दिली आहे. तसेच ती विकावयाची असल्यास किंमत कशी ठरवावी, हेही सांगितले आहे. अनेक भगिनी नेमक्या याच ठिकाणी फसतात.

बंडी कोणासाठी व केव्हा

मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे येथे विजयदुर्गकडून येणारा रस्ता आणि वैभववाडी-गगनबावडामार्गे कोल्हापूरला जाणारा रस्ता मिळतो. खाली तळेऱ्याच्या बाजूला कडक थंडी अशी पडत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते आणि त्याच सुमारास आंब्याच्या मोहोराची पाहणी व फवारणीची कामे असतात. करूळ घाट चढून गगनबावड्याला गेल्यावर तर गारठा चांगलाच जाणवतो. अशा हवामानात लोकरी स्वेटर दिवस वर येताच नकोसा होतो. जाड सुती दोऱ्याची, बिनबाह्यांची, समोरून उघडी बंडी मात्र सकाळी ऊब देते, घाम शोषून घेते आणि उकडू लागल्यास चटकन काढता येते.

विणकामाला योग्य काळ म्हणजे भाताची लावणी आटोपल्यानंतरचा. त्या वेळी विणलेल्या बंड्या गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना दाखविता येतात आणि थंडी सुरू होण्यापूर्वी विकल्या जातात. आंबा-काजूच्या हंगामात हे काम अंगावर घेऊ नये.

साहित्य

१) विणकामाचा मध्यम जाडीचा सुती दोरा, दोन रंगांत. एक मुख्य रंग व एक जोडरंग.
२) ४ मि.मी. जाडीची क्रोशाची सुई.
३) शिवण्यासाठी मोठ्या नाकाची बोथट सुई, मोजपट्टी, कात्री.
४) तीन बटणे. नारळाच्या करवंटीची बटणे सुती बंडीवर शोभून दिसतात.

प्रत्येक रंगाचा सर्व दोरा एकाच वेळी व एकाच लॉटचा घ्यावा. नंतर आणलेल्या दोऱ्याची छटा हमखास वेगळी निघते. एक रंग गडद व दुसरा फिका असल्यास वीण उठून दिसते. गडद दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग सुटत असेल, तर तो दोरा फिक्या रंगाबरोबर वापरू नये.

टाक्यांची ओळख

टाक्यांची नावे गावोगाव थोडी बदलतात, म्हणून ते कृतीने ओळखावेत.

मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढावा. सुईवर दोन फासे होतील. दोरा घेऊन दोन्ही फाशांतून एकदम काढावा. हा टाका बुटका असतो.

खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढावा. सुईवर तीन फासे होतील. दोरा घेऊन दोन फाशांतून काढावा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फाशांतून काढावा. हा टाका उंच असतो.

दाणेदार वीण

या विणीचा नियम एकच आहे : खांबावर मुका खांब आणि मुक्या खांबावर खांब. टाक्यांची संख्या नेहमी सम असावी.

पहिली ओळ : हव्या त्या संख्येपेक्षा एक साखळी जास्त घालावी. साखळी सैल असावी. सुईलगतची एक साखळी सोडून दुसरीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, असे आळीपाळीने शेवटपर्यंत विणावे. ओळीचा शेवट खांबाने होईल.

दुसरी ओळ व पुढील सर्व ओळी : काम उलटवून एक साखळी घालावी (ही टाका म्हणून मोजू नये). पहिल्याच टाक्यात मुका खांब, पुढील टाक्यात खांब, असे शेवटपर्यंत. मागील ओळ खांबाने संपलेली असल्यामुळे काम उलटवल्यावर पहिला मुका खांब आपोआप खांबावर येतो.

बुटक्या टाक्यांच्या मध्ये उंच टाका दाबला गेल्यामुळे तो फुगून वर येतो आणि कापडावर भातासारखे दाणे उठतात. कापड दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. याचा जोडणीच्या वेळी उपयोग होतो.

चूक ओळखण्याची खूणही या विणीतच आहे. ओळ मुक्या खांबाने संपली, तर एक टाका गळला किंवा वाढला आहे असे समजावे आणि तेवढी ओळ उसवावी. दोन टाके एकदम गळल्यास मात्र ही खूण दिसत नाही, म्हणून दर दहा ओळींनंतर टाके मोजावेत. कडा आत-बाहेर होण्याचे मुख्य कारण शेवटचा टाका राहून जाणे हेच असते.

रंग बदलणे

दोन ओळी मुख्य रंगाच्या व दोन ओळी जोडरंगाच्या, असे पट्टे घ्यावेत. दुसऱ्या ओळीतील शेवटचा खांब पूर्ण करताना सुईवर दोन फासे राहिले, की नवा रंग घेऊन तो त्या दोन फाशांतून काढावा. नंतर काम उलटवून नव्या रंगाने साखळी घालावी. प्रत्येक पट्टा दोन ओळींचा असल्यामुळे सोडलेला दोरा नेहमी त्याच कडेला मिळतो. तो तोडावा लागत नाही व गाठीही होत नाहीत. दोरा वर आणताना ओढून धरू नये, अन्यथा ती कड आखडते. एकेका ओळीने रंग बदलल्यास दोरा दुसऱ्या कडेला अडकतो, म्हणून तसे करू नये.

आधी नमुना

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासतो, तसा बंडीपूर्वी नमुना विणावा. २४ टाके व २० ओळींचा दोनरंगी तुकडा विणून, धुऊन, सावलीत पूर्ण वाळवावा. सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो, त्यामुळे न धुतलेल्या नमुन्याचे माप फसवे असते. मग तुकड्याच्या मधोमध १० सें.मी. मोजावे. त्यात १५ टाके व १२ ओळी याव्यात. टाके जास्त भरले तर थोडी जाड सुई व कमी भरले तर थोडी बारीक सुई घ्यावी.

हाच नमुना किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्यावा. नमुन्यात ४८० टाके आहेत. मध्यम मापाच्या बंडीत ८,८३२ टाके होतात, म्हणजे नमुन्याच्या साधारण १८.४ पट. नमुना १८ ग्रॅम भरला, तर बंडीला ३३० ग्रॅम आणि काठ व शिवणीसाठी एक दशांश जादा, असा एकूण साधारण ३६५ ग्रॅम दोरा लागेल. दोन्ही रंग निम्मे-निम्मे घ्यावेत. काठाचा जादा दोरा मुख्य रंगाचा घ्यावा.

मापे

लहान (छाती ७४ सें.मी.) : पाठ ६२ टाके, पुढील प्रत्येक भाग ३० टाके, ५६ ओळी.
मध्यम (छाती ८४ सें.मी.) : पाठ ७० टाके, पुढील प्रत्येक भाग ३४ टाके, ६४ ओळी.
मोठे (छाती ९४ सें.मी.) : पाठ ७८ टाके, पुढील प्रत्येक भाग ३८ टाके, ६८ ओळी.

मध्यम बंडीचा तयार घेर ९२ सें.मी. व उंची साधारण ५३ सें.मी. होते. पाठीचा एक व पुढचे दोन, असे तीनही तुकडे सरळ विणावयाचे आहेत. गळा किंवा मुंढा कापावयाचा नाही.

जोडणी

दोरे वर आणलेली कड काखेच्या बाजूला येईल असे पुढचे तुकडे ठेवावेत. त्यासाठी एक तुकडा उलटा करावा लागतो. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्याने तो उलटा वाटत नाही.

खांदे : मध्यम मापात बाहेरच्या कडेकडून २२ टाके पाठीला जोडावेत. पुढच्या भागाचे उरलेले १२ टाके मोकळे सोडून बाहेर दुमडावेत, म्हणजे कॉलर तयार होते. लहान मापात २० टाके जोडून १० सोडावेत, मोठ्या मापात २६ जोडून १२ सोडावेत.

बाजू : पट्टे मोजून शिवल्यास मोजपट्टीची गरज नाही. मध्यम मापात खालून १९ पट्टे शिवावेत व वरचे १३ मुंढ्यासाठी मोकळे ठेवावेत. लहान मापात १७ व ११, तर मोठ्या मापात २० व १४ पट्टे धरावेत. दोन्ही तुकड्यांचे पट्टे एकमेकांसमोर आले पाहिजेत.

काठ : मुख्य रंगाने मुंढा, पुढील कडा व खालचा घेर यांना मुक्या खांबांच्या दोन ओळी घालाव्यात. उभ्या कडेवर दर चार ओळींना पाच मुके खांब बसतात. जास्त घातल्यास काठ लाटेसारखा होतो, कमी घातल्यास आखडतो. कोपऱ्यावर एकाच ठिकाणी तीन मुके खांब घालावेत. मुंढ्याच्या काठात वर आणलेले दोरे झाकून घ्यावेत. शेवटी कॉलरच्या दुमडीखाली तीन बटणे व समोर साखळीचे फासे लावावेत.

घ्यावयाची काळजी

पावसाळ्यात दोरा व अर्धवट काम झाकणाच्या डब्यात ठेवावे. काजूची टरफले फोडून आल्यावर हात स्वच्छ केल्याशिवाय सुई धरू नये, टरफलातील तेलाचे डाग सुती दोऱ्यातून निघत नाहीत. अंधारून आलेल्या दिवशी दिव्याखाली बसावे व अर्ध्या-पाऊण तासाने हात आणि डोळ्यांना विश्रांती द्यावी. तयार बंडी दोरीवर टांगू नये, ओली असताना ती वजनाने लांबते. ती पसरून, सावलीत वाळवावी. पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवू नये, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात. खळ घालू नये, खळीमुळे कसर लागते.

मजुरीचा हिशोब

घरात वापरण्यासाठी विणलेल्या बंडीला हिशोब लागत नाही. विकावयाची असल्यास मात्र तो लिहूनच ठेवावा. दोऱ्याची किंमत सर्वांच्या लक्षात राहते, पण हाताचे तास विसरले जातात. ‘बसल्या बसल्या केले’ असे म्हणून बंडी दोऱ्याच्या किमतीपेक्षा थोड्या जास्त पैशांत दिली जाते.

घड्याळ लावून एका मिनिटात आपले किती टाके होतात ते पाहावे. १२ टाके होत असतील, तर ८,८३२ टाक्यांना सव्वाबारा तास लागतील. जोडणी, काठ व बटणांचे पावणेचार तास धरल्यास एकूण १६ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला, तर ही दोन दिवसांची मजुरी आहे.

आता केवळ हिशोब समजण्यासाठी पुढील आकडे धरू. दोरा ३५० रुपये, बटणे व पिशवी ३० रुपये आणि दिवसाची मजुरी ३०० रुपये. बंडीची खरी किंमत ३५० + ३० + ६०० = ९८० रुपये झाली. ती ६०० रुपयांना विकली, तर साहित्याचे ३८० वजा जाता २२० रुपये उरतात, म्हणजे दिवसाला ११० रुपये. भातकापणीला या मजुरीवर आपण जाणार नाही. मग विणकामाला का जावे? आपल्या गावातील चालू मजुरी व दोऱ्याचा चालू भाव घालून हाच हिशोब करावा.

ही गोष्ट किरकोळ नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर परिसरात स्त्रिया क्रोशाची लेस विणतात. त्यांची लेस परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे अनेक तास विणणाऱ्या या स्त्रियांना ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ व त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचे काम’ समजले जात होते. त्यामुळे त्यांना अत्यल्प मोबदला मिळे आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई, असे त्यांनी दाखवून दिले. धंदा मोठा झाला म्हणून विणणारीची मजुरी आपोआप वाढत नाही, हा यातील धडा आहे.

म्हणून बचत गटाने बंड्या करावयाच्या झाल्यास प्रत्येकीने तासांची नोंद वहीत करावी, सर्वांनी एकच भाव ठरवावा आणि आपसात भाव पाडू नयेत. पहिल्या वर्षी मोजक्याच बंड्या करून मागणी पाहावी. तळेऱ्यासारख्या वाहतुकीच्या नाक्यावर घाटमार्गे जाणारे प्रवासी थांबतात, तेथे हिवाळ्यात विक्रीचा प्रयत्न करता येईल. ‘उमेद’ अभियानातील गटांना प्रदर्शनांचा मार्गही खुला आहे. हिशोबात बसणारा भाव मिळत नसेल, तर बंडी घरच्या माणसाला घालावी. पहाटे बागेत जाणाऱ्याच्या अंगावर ती नक्कीच सत्कारणी लागेल.