जुन्या ट्रॅक्टरची शक्तिपारेषण यंत्रणा : तपासणी व निगा

बुंदेलखंडातील झाशी जिल्ह्यात हलकी तांबडी व भारी काळी अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी आढळतात. स्थानिक बोलीत तांबड्या जमिनींना राकड व पडुआ, तर काळ्या जमिनींना काबर व मार म्हणतात. तांबडी जमीन पावसानंतर थोड्याच दिवसांत कठीण होते; काळी जमीन ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. मशागतीस योग्य असा वाफसा दोन्हीकडे मोजकेच दिवस टिकतो. हरभरा, वाटाणा व गहू यांची पेरणी त्या दिवसांत साधली नाही, तर उगवण विरळ होते. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा अनुभवही याहून वेगळा नाही. ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेल्या वाफशाचे नुकसान अधिक असते.

इंजिनातील बिघाड धूर, आवाज वा तेलाचा दाब यांवरून लवकर ध्यानात येतो. पारेषण यंत्रणेची झीज मात्र पोलादी आवरणाच्या आत मूकपणे होत राहते. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत सुट्या भागांची अडचण आणखी वेगळी. एचएमटीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. अशा बंद झालेल्या बनावटींचे गिअर मिळवण्यास वेळ लागतो. म्हणून आहे ते भाग टिकवणे हेच शहाणपणाचे.

रचना व कार्य

इंजिनाची शक्ती फ्लायव्हीलकडून क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, डिफरन्शियल व अंतिम गिअर या क्रमाने मागील चाकांपर्यंत पोहोचते. इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेत असताना, ताशी ५ किमी वेगाने नांगरणाऱ्या ट्रॅक्टरचे मागील चाक जेमतेम २० फेरे घेते. वेग सुमारे शंभरपट घटतो आणि घर्षणातील घट वगळता पीळबल जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. हा सर्व भार गिअरच्या मोजक्या दात्यांवर येतो. दोन दात्यांमध्ये वंगणाचा पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासू लागतो.

वंगणाची निवड व बदल

जुन्या, साध्या सरकत्या गिअरच्या ट्रॅक्टरांत सामान्यतः ९० क्रमांकाचे गिअर ऑइल वापरतात. अनेक बनावटींत गिअरबॉक्स व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, तर काहींत ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात. अशा ठिकाणी त्यासाठीच बनवलेले तेल लागते. साधे गिअर ऑइल भरल्यास ब्रेक नीट लागत नाहीत व हायड्रॉलिक मंदावते. काही तीव्र दाबरोधक तेलांतील गंधकयुक्त घटक पितळी व कांस्य भागांना खातात. त्यामुळे दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा पुस्तिकेतील दर्जा प्रमाण मानावा.

तेल साधारणतः १,००० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलतात. चिखलणी वा धुळीत सतत काम असल्यास त्याआधी. जुन्या ट्रॅक्टरचे तासमापक बहुधा बंद असते. तेव्हा डिझेलच्या नोंदीवरून तास काढता येतात. ट्रॅक्टर ताशी सरासरी ४ लिटर डिझेल घेत असेल, तर ४,००० लिटर म्हणजे १,००० तास.

तेल काढताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. काम संपल्यावर तेल कोमट असतानाच काढल्यास तळाचा गाळही बाहेर येतो. आत डिझेल भरून ट्रॅक्टर चालवू नये; त्याने वंगणाचा थर धुऊन निघतो व बेअरिंगना इजा होते. गाळणी व ब्रीदर स्वच्छ करावे. ब्रीदर तुंबल्यास आतील दाब वाढून ऑइल सीलमधून गळती सुरू होते. अशा वेळी नवे सील बसवूनही ती थांबत नाही. नवे तेल भरून दहा मिनिटे यंत्र चालवावे, थोडा वेळ थांबावे व पातळी पुन्हा पाहावी. जुने तेल शेतात, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

काढलेले तेल काय सांगते

- दुधाळ रंग : पाणी शिरले आहे. गिअर दांड्याचे फाटलेले रबर हे नेहमीचे कारण. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा तळाचा बूच सकाळी किंचित सैल केल्यास जड असलेले पाणी आधी बाहेर येते.
- बोटांना लागणारी करडी, मऊ लुकटी : नेहमीची झीज, मात्र तिचे प्रमाण दरवर्षी ताडून पाहावे.
- चकाकणारे कण वा तुकडे : दात किंवा बेअरिंग फुटत आहे. ट्रॅक्टर कामावर न नेता उघडून पाहावा.
- जळका वास व काळा रंग : अतिभार, कमी पातळी किंवा अयोग्य तेल.

आवाज व वर्तनावरून निदान

- न्यूट्रलमध्ये आवाज येतो व क्लच पूर्ण दाबताच थांबतो : गिअरबॉक्सच्या प्रवेशदांड्याचे बेअरिंग.
- क्लच दाबल्यावरच आवाज : बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग.
- एकाच गिअरमध्ये आवाज : त्या जोडीचे दाते.
- फक्त वळताना आवाज : डिफरन्शियलचे लहान गिअर.
- भाराखाली गिअर आपोआप सुटतो : फाटा, दात्यांच्या कडा किंवा अडकणारी गोळी व स्प्रिंग झिजली आहे. दांडा हाताने धरून काम रेटल्यास फाटा अधिकच झिजतो.
- गिअर टाकताना करकर : पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबून पाहावे. तरीही करकर राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

क्लच व चालवण्याच्या सवयी

क्लच पेडलची मोकळी चाल बहुतेक ट्रॅक्टरांत २० ते ३० मिमी असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. ती कमी झाली की प्लेट निसटते व जळते, वाढली की गिअर नीट पडत नाहीत. पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय हे प्लेट व बेअरिंग लवकर जाण्याचे मोठे कारण आहे. चढावर भरलेली ट्रॉली अर्ध्या क्लचवर धरू नये. उतारावर न्यूट्रल करू नये. चढ किंवा उतार सुरू होण्यापूर्वीच योग्य गिअर निवडावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत.

दुरुस्तीची मर्यादा

तेल, गाळणी, ब्रीदर, रबर व पेडलची चाल ही कामे शेतकरी स्वतः करू शकतो. ट्रॅक्टर मधून विलग करणे व क्राउन-पिनियनची जुळणी मात्र भक्कम आधार, मोजमापाची साधने व अनुभवी कारागीर असेल तेथेच व्हावी. केवळ जॅकच्या आधारावर ट्रॅक्टरखाली जाणे जिवावर बेतू शकते. प्रशिक्षणासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे.

रब्बीची पेरणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. म्हणून पावसाळ्यातील उघडिपीचे दिवस या तपासणीस सर्वांत योग्य. तेल बदलल्याची तारीख, डिझेलची बेरीज व तेलातील कणांचे वर्णन एका वहीत लिहून ठेवल्यास पुढील वर्षी झीज वाढली की नाही हे कळते आणि दुरुस्तीचा निर्णय पेरणीच्या दिवसावर येऊन पडत नाही.