स्टेशनपासून दहा मिनिटं

चौकशी केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तो ऐकला की कानशिलं तापतात. "अगं, पण घर घेण्याआधी चौकशी नाही का केलीस?" केली होती. वहीत लिहून नेली होती. पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, पावसात पाणी भरतं का, लोकलला बसायला मिळतं का, शाळेची व्हॅन दारात येते का. पाचही प्रश्नांना उत्तरं मिळाली आणि त्यातलं एकही धडधडीत खोटं नव्हतं. तीच तर गोम आहे.

माझी बदली बीकेसीला झाली. ह्यांची नोकरी सांगलीतच, म्हणजे मी, सहावीत जाणारा मुलगा आणि सासूबाई असं तिघांचं बिऱ्हाड हलवायचं होतं. ठाण्यातल्या वन बीएचकेचं भाडं ऐकल्यावर ह्यांनी, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, फोन स्पीकरवरून काढला. मग बदलापूर. टू बीएचके, पाचवा मजला, साडेअकरा हजार, आणि हॉलच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका. एप्रिल २०२५ मधला रविवार, दुपारचे तीन. एजंटनं आम्हाला स्टेशनवरून स्वतःच्या गाडीतून नेलं. सात मिनिटं लागली. "बघा ताई, मी दहा सांगितली होती, तीन वाचली." आम्ही हसलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. रविवारी दुपारी तीनला बदलापूरच काय, दादरसुद्धा शांत वाटतं.

पहिल्या सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी घरातून निघाले. रिक्षा दारात मिळत नाही, नाक्यावर जावं लागतं. नाक्यावर शेअर रिक्षाची रांग, माझ्यापुढे तीसेक माणसं. स्टेशनात पोचेपर्यंत साडेसात वाजून गेले. ती सात मिनिटं एजंटच्या गाडीची होती. माझ्यासाठी तोच रस्ता अर्ध्या तासाचा.

गाडी मात्र बदलापूरहून सुटणारी होती. एजंट म्हणालाच होता, "गाडी इथूनच सुटते ताई, आरामात बसून जाल." मी पर्स पोटाशी धरून तयारीत उभी. डबा समोर आला, आत पाय ठेवला तर तिन्ही सीट भरलेल्या, चौथीसुद्धा. अंबरनाथ, उल्हासनगरच्या बायका तीच गाडी उलटी पकडून आधीच बसून आल्या होत्या. त्यांचं काही चुकत नाही. मी तिथं राहत असते तर मीही तेच केलं असतं. एकीला विचारलं, "कुठं उतरणार?" "ठाणे. पण सीट दिलीय." म्हणजे ठाण्याला रिकामी होणारी जागा बदलापुरातच कुणाला तरी कबूल झालेली. मला उतरायचं कुर्ल्याला. पहिले तीन आठवडे एकदाही टेकायला मिळालं नाही. जून संपता संपता एका बाईनं मला तिच्या साखळीत घेतलं, तेव्हा जणू नोकरीत कायम झाल्याचा आनंद झाला.

आणखी एक गोष्ट घराच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. कल्याणच्या पुढे बदलापूर-कर्जतकडे जाणारे रूळ दोनच. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, ते होईल तेव्हा होईल. तोवर फास्ट, स्लो, मेल, मालगाडी सगळं त्या दोन रुळांवरून. म्हणजे तुमची 'फास्ट' खरी फास्ट होते ती कल्याणनंतर, आणि पुढे काही अडलं की तुम्ही विठ्ठलवाडीच्या अलीकडे उभे. उतरल्यावर कुर्ला पश्चिमेला बीकेसीसाठी पुन्हा रांग. घरापासून टेबलापर्यंत दोन तास वीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली. तेव्हापासून सासूबाई रोज रात्री नऊला खिडकीत. चंदेरी बघायला नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट: घर बघायला जायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी, आणि एजंटशिवाय. त्या इमारतीच्या फाटकापासून घड्याळ लावायचं, हातात ऑफिसची पर्स घ्यायची आणि खरोखर ऑफिसपर्यंत जाऊन यायचं. संध्याकाळी साडेसहाची परतीची गाडीही पकडायची. मुंबईत अंतर किलोमीटरवर जात नाही, तुम्ही कुठल्या गाडीत कुठल्या स्टेशनात चढता यावर जातं. एक रजा गेली तरी चालेल. मी ती रजा वाचवली आणि ती वाचलेली रजा डिसेंबरात सामान बांधायला वापरली.

आता पाण्याचं.

आम्ही सांगलीची माणसं. २०१९ चा पूर दारात पाहिलेला, त्यामुळे पाण्याबद्दल मी एजंटला दोनदा विचारलं होतं. "बिल्डिंगमध्ये पाणी कधीच शिरत नाही ताई, आपण उंचावर आहोत." खरंय, उंचावरच होती. आणि मला, सांगलीकरणीला, तरी आठवायला हवं होतं की त्याच वर्षी २७ जुलैला आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती ती ह्याच बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात. हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले होते. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्यात होता. तरीही आठवलं नाही. समोर स्वस्त घर असलं की आठवण सोयीनं चालते.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला. नदी फुगली, आमच्या इमारतीकडे येणाऱ्या रस्त्याच्या सखल भागात मांडीपर्यंत पाणी. गाड्या बंद, मी घरीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ सोडला तर फुस्स आवाज आणि थेंब नाही. लिफ्टमध्ये चिठ्ठी: "टँकर न आल्यामुळे आज पाणी येणार नाही. सहकार्य करावे." खिडकीबाहेर धो धो पाऊस, खाली रस्त्यावर पाणी, आणि आमच्या नळाला टिपूस नाही. सासूबाईंनी गॅलरीत पातेली, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा मांडला. मुलगा तेवढा खूश.

छत्री घेऊन खाली गेले. वॉचमननं अगदी सहज सांगितलं, "मॅडम, ह्या बिल्डिंगला नळाचं पाणी कुठलं? अजून भोगवटाच नाही मिळाला. सगळं टँकरवर." भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली, आता राहायला हरकत नाही असा पालिकेचा कागद. तो नसला की रीतसर नळजोडणीचं घोडं अडतं. तोवर मला हेही कळलं नव्हतं, की महिन्याच्या देखभालीबरोबर जे 'इतर' म्हणून बाराशे रुपये मी भरत होते, ते टँकरचे होते.

तिथूनच एजंटला फोन लावला. मी काय बोलले ते लिहीत नाही. त्याचं उत्तर मात्र शब्दाशब्दानं लक्षात आहे. "ताई, चिडू नका. तुम्ही विचारलंत, पाणी चोवीस तास येतं का. रोज येतंच की चोवीस तास. कुठून येतं, ते कुठं विचारलंत?" आणि थोडं थांबून, "बिल्डिंगमध्ये शिरलं का पाणी? नाही ना?"

जिन्याच्या पायरीवर, ओल्या चपलांनी, मी तशीच बसून राहिले. राग त्याच्यावर होताच, पण त्याहून जास्त त्या वहीवर आला. इतके नेमके प्रश्न काढल्याचा मला केवढा अभिमान होता! त्यानं प्रत्येक प्रश्नाला, जेवढं विचारलं तेवढंच, चोख उत्तर दिलं होतं. ज्याचं महिन्याभराचं कमिशन तुमच्या 'हो'वर अडलंय, त्याला तुमचा प्रश्न परीक्षेतल्यासारखाच वाटणार.

तेव्हा प्रश्न विचारायचे ते ज्यांना तुमच्या येण्या-न येण्याचं काही पडलेलं नाही त्यांना. इस्त्रीवाला, दूधवाला, समोरचा किराणावाला. "पाणी येतं का" असं विचारू नका, "टँकर किती वाजता येतो" असं विचारा. येत नसेल तर तो सांगेलच की इथं टँकर लागत नाही. मान वर करून गॅलऱ्यांमध्ये निळी पिंपं किती दिसतात ते मोजा. आमच्या इमारतीत मी नंतर मोजली, एका बाजूलाच एकोणीस. एप्रिलमध्येही ती तिथंच होती, मी चंदेरी बघत होते.

भोगवटा प्रमाणपत्राची प्रत भाडेकरूनंही मागावी. ती मागायला घर विकतच घ्यावं लागत नाही. घर विकत घेणाऱ्यांनी तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पानं बघावीतच, २०१७ पासून ती सोय आहे. पण नुसत्या नोंदणी क्रमांकावर विसंबू नका. डोंबिवलीच्या पासष्ट इमारतींनी खोट्या कागदांवर तो क्रमांकसुद्धा मिळवला होता आणि शेवटी त्या पाडण्याचे आदेश हायकोर्टातून आले. परवानगी खरी की खोटी ते पालिकेच्या नगररचना विभागातच कळतं. खेटे पडतील. पडू देत.

कराराबद्दल बोलायचं तर मला फार जोरात बोलता येणार नाही. एजंटचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन आला तेव्हा खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सोळा पानांचा इंग्रजी मसुदा मी दहा मिनिटांत चाळला. त्यात चौदाव्या कलमात 'घर सोडताना रंगकामाचा खर्च परवानाधारकाकडून' असं होतं, ते मी डिसेंबरात वाचलं. मसुदा आधी दोन दिवस मागून घ्या, मराठीत मागितला तर मराठीतही मिळतो. भाडेकराराची नोंदणी करून घेणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आणि खर्च? मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून. आमच्या करारावर ते जेमतेम ३३० रुपये होतं, नोंदणी फी १,०००. एजंटनं 'अ‍ॅग्रीमेंटचा खर्च' म्हणून साडेचार हजार घेतले, सगळे माझ्याकडून. पावती मागितली तर म्हणे, "ताई, घरच्यासारखे आहात."

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. मुलाला दिवाळीत किल्ला बांधायला त्यांनी माती आणून दिली होती, एवढं चांगुलपण मी नाकारत नाही. पण चावी देताना काकांचा आवाज वेगळाच. पन्नास हजार अनामतीतून रंगाचे चौदा हजार, खिडकीच्या जाळीचे अडीच हजार, सोसायटीचे सामान हलवण्याचे दोन हजार गेले. हातात साडेएकतीस. जाळी आम्ही आलो तेव्हाच फाटलेली होती. पण फोटो कुठं होता? घरात शिरलात की सामान लावण्याआधी नळ, जाळ्या, भिंती, फरशा सगळ्यांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. त्यांना राग आला तर येऊ द्या.

आता ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. जुनी इमारत, लिफ्ट नाही, एकच बेडरूम, भाडं तेवीस हजार, म्हणजे दुप्पट. खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल मिळते आणि ऑफिसला एक तास दहा मिनिटं लागतात. बदलापूरच्या मानानं महिन्याचे चोवीस दिवस धरून छप्पन्न तास वाचतात. ह्यांनी अजूनही फोनवर एकदा म्हणून पाहिलं, "पण साडेअकरा हजार जास्त, म्हणजे…" मी छप्पन्न तास सांगितले. पुढं बोलले नाहीत.

बदलापूर वाईट नाही, असं मी कुणाशीही भांडून सांगेन. हवा चांगली, माणसं चांगली, आणि ज्याची नोकरी अंबरनाथ-उल्हासनगरच्या बाजूला आहे त्यानं जरूर राहावं. मला ते महाग पडलं, एवढंच. बाकी नेहमीचं: घाई करू नका, गोड बोलणाऱ्यापासून जपून राहा वगैरे. हे मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं.

परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं घर शोधते आहे म्हणून मोबाईल पुढे केला. बदलापूर, टू बीएचके, पाचवा मजला, माउंटन व्ह्यू, चोवीस तास पाणी, स्टेशनपासून दहा मिनिटं. भाडं साडेबारा. फोटोत हॉलची खिडकी, मागे चंदेरी. आणि खिडकीला निळ्या फुलांचे पडदे, सांगलीच्या बाजारातून सासूबाईंनी निवडून आणलेले. काकांनी ते धुवून लावलेले दिसतात.