बॅटरी खरं बोलते, पण तिला विचारायचं कधी?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे व्होल्टेजला मराठीत ‘विभवांतर’ म्हणतात हे मला इंजिनीअरिंगला आल्यावर कळलं. शब्द जड आहे, पण त्यात ‘अंतर’ आहे, म्हणजे दोन टोकांमधला फरक. मल्टिमीटर फक्त तेवढाच फरक दाखवतो. बॅटरी किती भरली आहे ते आपण त्यावरून ओळखायचं. पण त्यासाठी आकडा नेमका कधी घेतला, हे माहीत हवं.

गॅस्टन प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी बनवली. आपल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये आजही बहुतेक त्याच जातीची बॅटरी असते. एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, असे सहा सेल. म्हणजे ‘बारा व्होल्टची’ बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ दाखवते!

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. आकडे तीन वेळा घ्यायचे.

पहिला, गाडी काही तास उभी असताना. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ उतरलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा, सेल्फ मारताना. स्टार्टर शेकड्यांनी अँपिअर ओढतो, त्यामुळे व्होल्टेज पडणारच. पण ९.६ च्या खाली जाऊ नये. उभ्या गाडीत १२.६ आणि सेल्फ मारताना ८ असेल, तर बॅटरी आतून थकली आहे असं समजा.

तिसरा, इंजिन चालू असताना. इथे १३.८ ते १४.५ हवेत. गंमत म्हणजे हा आकडा बॅटरीचा नसतोच, तो अल्टरनेटरचा असतो. बॅटरीत करंट ढकलायचा तर बाहेरचा दाब तिच्यापेक्षा जास्त हवा ना! (नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर हा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.)

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी सारखी बंद पडायची. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणजे गाडी सुरू होणं ही चैन नव्हे. एका दुकानात उभ्या गाडीचं व्होल्टेज बघून “बॅटरी गेली” म्हणाले. नवी बसवली. दीड महिन्यात पुन्हा तेच! मग मी इंजिन चालू ठेवून मोजलं : १३.१. हेडलाइट आणि एसी लावल्यावर १२.४. म्हणजे बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत होती. मेकॅनिककडे दाखवल्यावर अल्टरनेटरचा बेल्ट सैल आणि गुळगुळीत झालेला निघाला. बेल्ट बदलला, १४.२ आले. काही शेकड्यांचं काम होतं, खर्च मात्र आधीच काही हजारांचा झाला होता. काका म्हणाले, “अगं, हे आधी कुणी मोजलंच नाही!”

अजून एक गैरसमज. “दहा मिनिटं फिरवून आणली की चार्ज होते.” हिशोब करू. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली तर २२ अँपिअर-तास परत भरायचे. सरासरी १० अँपिअर गेले असं धरलं, तर दहा मिनिटांत जेमतेम १.७! शिवाय बॅटरी भरत जाते तसं तिचं स्वतःचं व्होल्टेज वाढतं, अल्टरनेटरशी असलेलं ‘अंतर’ घटतं आणि करंट आटत जातो. म्हणून शेवटचा थोडा भाग भरायलाच सर्वात जास्त वेळ लागतो. आणि अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात, मग ती पूर्ण भरतच नाही.

मोजताना अंगठी आणि कडं काढून ठेवा, ओढणी किंवा सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी तो साफ करा, मगच निदान!

थोडक्यात काय, तर घरच्या गाडीचे हे तीन आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी “बॅटरी गेली” म्हणालं, की एवढंच विचारा, “कधी मोजलंत?”