बांधावर हौद, बांधाखाली जाळ

प्रश्न : आम्ही सहा मित्र दर डिसेंबरात भोरजवळ एकाच्या शेतावर तंबू ठोकून दोन रात्री राहतो. यंदा मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. तांब्याची नळी स्प्रिंगसारखी वळवून शेकोटीत ठेवलेली, तिची दोन्ही टोकं शेजारच्या टबात. पंप नाही, वीज नाही, तरी टबातलं पाणी आपोआप फिरतंय, तापतंय आणि लोक आत बसून तारे बघताहेत. हे खरं असतं का? आणि आपल्याला घरच्या घरी जमेल का?

उत्तर : खरं असतं आणि जमेलही. तुमच्या गच्चीवर सौरबंब असेल, तर हेच काम तिथं रोज चालतं. त्याची टाकी पॅनेलच्या वरच्या अंगाला का बसवतात, याचा कधी विचार केलाय? पाणी तापलं की सैलावतं. 20 अंशांचं एक लिटर पाणी साधारण 998 ग्रॅम भरतं, तेच 80 अंशांना 972. फरक जेमतेम 26 ग्रॅमचा, म्हणजे चहाचे पाच चमचे. पण तेवढ्या हलकेपणानं गरम पाणी वर चढतं, त्याची रिकामी झालेली जागा खालून गार पाणी घेतं आणि खाली जाळ आहे तोवर हे रहाटगाडगं फिरत राहतं. गंमत म्हणजे आपला ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, आणि त्याचा अर्थ पंप. आगीच्या बंबाला तो शोभतो. न्हाणीघरातल्या बंबात मात्र पंपाचं नावही नसतं.

तो तांब्याचा बंब ज्यांनी पाहिलाय त्यांना निम्मं उत्तर ठाऊकच आहे. मधोमध आरपार धुराडं, खाली लोखंडी जाळी, तिच्याखाली राख पडायची जागा, बाजूला नरसाळं आणि पितळी तोटी. आमच्याकडे त्यात नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, कालचं वर्तमानपत्र, काहीही जायचं आणि वीस मिनिटांत तोटीला हात लावायची सोय राहायची नाही. एवढ्याशा कचऱ्यावर पाणी तापायचं, कारण जाळाच्या चहूबाजूंनी पाणीच असायचं. आच जाणार कुठे? परदेशात लाकडी टबात बुडवून ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या शेगड्या मिळतात. फक्त धुराडं आणि लाकूड टाकायचं तोंड पाण्याबाहेर. तो आपला बंबच, फक्त उलटा विचार करून केलेला: बंबातून पाणी काढून घेण्याऐवजी माणूसच आत जाऊन बसतो.

जपान्यांनी जाळ सरळ बुडाखाली घातला. त्यांच्याकडे ‘गोएमोनबुरो’ नावाची लोखंडी कढईसारखी न्हाणी असते. 1594 साली क्योतोत इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला कढईत उकळून मारलं, त्याचं नाव या न्हाणीला चिकटलं. (असं नाव दिलेल्या भांड्यात रोज हौसेनं बसायचं म्हणजे धैर्यच.) बूड तापलेलं असतं, म्हणून पाण्यावर एक लाकडी फळी तरंगत ठेवतात. तिच्यावर पाय देऊन, ती दाबत दाबत आत उतरायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिप्पेन्शा इक्कूनं लिहिलेल्या एका विनोदी प्रवासकथेतले दोन मित्र ही फळी झाकण समजून काढून ठेवतात, पाय भाजल्यावर लाकडी खडावा घालून आत उतरतात आणि शेवटी भांड्याचं बूड फोडतात. तुम्ही सहा जण आहात हे वाचून मला हे दोघंच आठवले. पुढे तिकडे 200 लिटरच्या पत्र्याच्या पिंपाचीही अशी न्हाणी करू लागले. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ती कल्पना आली असेल, तर भंगारातलं पिंप आणू नका. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तेलाचं किंवा थिनरचं रिकामं पिंप कापताना आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

तुम्हाला नळीचाच प्रकार सोयीचा. त्याचं मर्म नळीत नाही, जागेत आहे. हौद वर हवा, जाळ खाली हवा. शेतावर जाताय म्हणजे ही सोय आयती आहे: भाताचं खाचर. वरच्या खाचरात, बांधापासून दोन-तीन हात आत हौद करा, बांधाच्या खाली चूल मांडा. अगदी कडेला नको, ओलावल्यावर बांध खचतो. पाणी भरल्यावर अर्धा टन वजन होणार आहे.

हौदासाठी टब विकत घेऊन जीपवर बांधून न्यायची गरज नाही. खताची रिकामी पोती न्या, तिथलीच माती भरा आणि त्यांचा गढीसारखा गोल कठडा रचा. आतून चार फूट रुंद, उंची दोन फूट. पंचवीस-तीस पोती लागतील. आत शेततळ्याला अंथरतात तो जाड कागद, खाली काट्याकुट्याचं टोक लागू नये म्हणून जुनी सतरंजी. दीड फूट पाणी भरलं की साधारण 500 लिटर होतात. विहिरीवर मोटर नसेल तर वीस लिटरचे पंचवीस जार वाहायचे आहेत, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. काठोकाठ भरू नका. दोन माणसं बसली की शंभरावर लिटर पाणी बाहेर पडतं.

नळी एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती मऊ तांब्याची घ्या, पाऊण इंची, चाळीसेक फूट. बारीक नळीत पाणी धावत नाही, तिथल्या तिथे उकळतं. वळवण्याआधी तिच्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरा आणि टोकं बंद करा, नाहीतर ती वळणावर चेपते. मग फूटभर रुंदीच्या डब्याभोवती सावकाश गुंडाळा, बारा वेढे होतात. वाळू झाडून काढा, धुऊन घ्या. हौदाला दोन टँक निपल बसवा: एक तळापासून दोन इंचांवर, दुसरं फूटभर उंचीवर, पण पाण्याच्या पातळीखाली. कागदाच्या आतून आणि बाहेरून रबरी वॉशर विसरू नका. तळाचं निपल वेढ्याच्या खालच्या टोकाला, वरचं निपल वरच्या टोकाला. जाळाजवळचा दोन-तीन फूट भाग तांब्याचाच ठेवा, रबरी होज त्याच्या पुढे.

आता माझी फजिती ऐका. पहिल्यांदा केलं तेव्हा गरम पाण्याच्या होजला मध्येच एक झोळ पडला होता, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा. पाऊण तास जाळ घातला तरी हौद गारच. नळीतून नुसतं ढुक-ढुक ऐकू येई आणि मिनिटाला एकदा वाफेची पिचकारी उडे. भावानं होजखाली एक काठी रोवून झोळ काढला आणि दहा मिनिटांत निपलापाशी हात धरवेना. हवा अडकते ती अशा उंचवट्याखोलगटात. म्हणून गरम नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढतीच गेली पाहिजे. भरताना आधी एक टोक सुटं ठेवून नळीतली हवा पूर्ण निघू द्या, मग जोडा.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. या नळीवर कुठेही कॉक बसवायचा नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते, दोन्हीकडून कोंडलेली नळी म्हणजे सुतळी बॉम्ब. आणि आधी पाणी, मग जाळ. उपसताना आधी जाळ विझवायचा, मग पाणी सोडायचं. रिकामी नळी जाळात राहिली की सांधे सुटतात आणि नंतर कुणी पाणी ओतलं तर तोंडावर वाफ येते.

लाकूड किती लागेल? डिसेंबरात विहिरीचं पाणी 18 अंश धरा, आपल्याला 39 हवंय. 500 लिटर गुणिले 21, म्हणजे साडेदहा हजार किलोकॅलरी. विजेवर हेच केलं तर बारा युनिटं जातील. घरचा दोन किलोवॉटचा गीझर सहा तास चालेल. वाळलेल्या लाकडात किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात, पण उघड्या चुलीतून त्यातली पाव आच पाण्याला लागली तरी खूप झालं. म्हणजे दहा-अकरा किलो, वाऱ्यात वाया जाईल ते धरून पंधरा. चुलीला तीन बाजूंनी विटा लावा, हौदावर ताडपत्री झाका. तीन तासांत होतं. वाळकी बाभूळ मिळाली तर उत्तम. ओलं लाकूड आणलंत तर निम्मा वेळ ते स्वतःलाच वाळवत बसेल. शेताला लागून राखीव जंगल असेल तर तिकडे विस्तव नेऊ नका, 1927 च्या वन कायद्याखाली तो गुन्हा आहे.

बसण्याआधी पाणी फळीनं ढवळा. वर चटका आणि खाली गारवा असा थर साचलेला असतो, हात बुडवून फसगत होते. म्हणून तापमापी ठेवा. 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पंधरा मिनिटांनी बाहेर या आणि उठताना सावकाश उठा, भोवळ येते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, गर्भारपण असेल, तर पाय सोडून काठावर बसावं. लहान मुलांना जाळाजवळ फिरकू देऊ नका. आणि ‘बैठक’ आधी उरकून मग पाण्यात उतरायचा बेत असेल, तर तो आत्ताच रद्द करा. गरम पाण्यात दारू लवकर चढते आणि झोप लागते ती पाण्यातच. साबण नको, म्हणजे सकाळी तेच पाणी हरभऱ्याला सोडता येईल.

राहिला सहा जणांचा प्रश्न. सगळे एकदम बसायचं तर हौद दुप्पट-तिप्पट होतो, लाकूड तितकंच वाढतं आणि पोती भरता भरता रात्र सरते. दोघं-दोघं बसा. उरलेल्या चौघांपैकी एकानं जाळ राखावा, एकानं चहा ठेवावा, बाकीच्या दोघांनी उद्याची लाकडं फोडावीत.