पोर शिकायला जाते

जून महिना आला. गावात सातवीपुढे वर्ग नाही. पोराला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवले.

पहिले आठ दिवस पोराला करमत नाही. दिवस शाळेत निघून जातो. दिवेलागण झाली, की चुलीजवळची आई आठवते. घास गोड लागत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. भाताचे रोप उपटून खाचरात लावले, की चार दिवस मान टाकते. मूळ धरले, की उभे राहते.

पण रोपाला पाणी लागते, तशी पोराला माया लागते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. खेड्यापाड्यांतली गरीब मुले तिथे आली. जाती निराळ्या, धर्म निराळे. पण पंगत एक. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांची आई झाल्या. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. कित्येक पोरांची दुसरी आई गेली.

आपण आईबापांनी काय करावे?

पोर रडले, म्हणून लगेच घरी आणू नये. 'रडतोस काय?' असे टोचूनही बोलू नये. मात्र ते आजारी असेल, त्याला कोणी मारीत असेल, पोटभर मिळत नसेल, तर गोष्ट निराळी. मग स्वतः जाऊन चौकशी करावी.

आणि पत्र लिहावे. फोनवरचे बोलणे पाच मिनिटांत संपते. पत्र उशाखाली ठेवता येते, पुन्हा वाचता येते.

आईला वाचता येत नसले, तर पोराचे पत्र शेजारी वाचतो. पोराला हे ठाऊक असते. मग ते मनातले लिहीत नाही. 'मी खुशाल आहे' एवढेच लिहिते. आई स्वतः वाचू लागली, की पोर मोकळे होते. आपण अक्षरे गिरवतो, ती यासाठीही.

'तुझ्यावाचून घर खायला उठते,' असे लिहू नका. पोराचा जीव आणखी तुटतो. घरच्या साध्या गोष्टी लिहा:

चि. बाळास आशीर्वाद.
गाय व्याली. कालवड झाली. तिचे नाव तू ठेव.
पाऊस बरा आहे. पेरणी झाली.
पोटभर जेव. दिवाळीला वाट पाहते.
तुझी आई

लिहा : आपल्या मुलाला किंवा मुलीला चार ओळींचे पत्र लिहा. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.