वसतिगृह आणि खोलीतला सोबती

बारावीचा निकाल लागला, की आमच्या शाळेचे दोघेचौघे जुने विद्यार्थी पालकांसह आमच्याकडे येतात. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, हे प्रश्न तोवर बहुधा सुटलेले असतात. उरतो तो एवढाच, की राहावयाचे कोठे आणि कोणाबरोबर. या प्रश्नाला घरोघर सर्वांत कमी वेळ दिला जातो, असे आम्ही पाहत आलो आहो. ‘आपल्या वाड्यावरचा अमुक तेथे आहेच, त्याच्याच खोलीत राहील,’ एवढ्यावर विषय मिटतो. ज्या चार भिंतींत तीनचार वर्षे काढावयाची, त्यांचा विचार नवी चप्पल घेताना करतो तितकाही होत नाही.

वस्तुतः गोमंतकीयांना हा प्रश्न नवा नव्हे. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली. तत्पूर्वी कला वा विज्ञान शाखेची पदवी घ्यावयाची, तर बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. त्या पिढीतले आजोबा कोणाच्या घरी असतील, तर त्यांना विचारून पाहा. प्राध्यापकांची नावे ते विसरले असतील, खोलीतल्या सोबत्याचे नाव विसरलेले नसतील.

प्रथम जागेविषयी. महाविद्यालयाच्या आवारातील वसतिगृहात जागा मिळत असेल, तर पहिले वर्ष तेथेच काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रंथालय पावलावर असते, आजारपणात दार ठोठावण्यास रेक्टर असतात आणि वर्गाबाहेरची ओळख तेथेच होते. पुण्याच्या पेठांतून ‘कॉट बेसिस’वर मिळणाऱ्या जागांत यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात. तेथे खोली नव्हे, एक खाट भाड्याने मिळते. शेजारच्या खाटेवर या महिन्यात एक, तर पुढल्या महिन्यात दुसराच. नाइलाज असेल तेव्हा तेथेही राहावे, पण अनामत रक्कम केव्हा व किती परत मिळणार, पाणी किती वेळ येते, हे लेखी घ्यावे. खानावळीत जेवणाचा खाडा धरतात की नाही, हेही आधीच विचारावे. मासळीची मात्र आशा धरू नये. आमच्या मुलांचे पहिल्या महिन्यातील निम्मे अश्रू त्यासाठीच असतात!

आता सोबत्याविषयी, कारण खरा पेच येथे आहे. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणाचा? कोठला?’ म्हणजे गाव आणि जात. हा प्रश्न कोठून आला, ते समजून घेतले पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहरात शिकावयास गेलेल्या बहुजनसमाजातील मुलास कोणी बिऱ्हाड देत नसे, खानावळीत पंगतीस बसू देत नसे. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करविली. अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली निघाले. त्या काळी ती मोठीच सोय होती. परंतु त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राबत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. महात्मा गांधी ते पाहावयास १९२७ साली आले होते. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मुलांना जे जमले, ते आज आम्हांस अवघड का वाटावे?

डॉ. आंबेडकरांचे उदाहरणही मननीय आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रथम ते हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. पण तेथील अन्न रुचेना, म्हणून आठवड्याभरात कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तेथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. या अखेरच्या मुक्कामी नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला, तो जन्मभर टिकला. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला परतताना आंबेडकरांना पैशाची अडचण होती. तेव्हा याच मित्राने कर्ज दिले. ना गाव एक, ना धर्म एक.

तर मग सोबती पाहावा तो कशावरून? आमच्या मते झोपेवरून. हसू नका. एकाच वाड्यावर वाढलेले, एकाच बाकावर बसलेले आमचे दोन विद्यार्थी हट्टाने एका खोलीत राहिले. एक पहाटे चारला उठून मोठ्याने पाठांतर करणारा, दुसरा रात्री दोनपर्यंत दिवा जाळणारा. दिवाळीच्या सुटीत दोघे वेगवेगळ्या बसने घरी आले आणि हळूहळू दोन्ही घरांतील येणेजाणेही थांबले. त्याच वर्षी आमच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यास रेक्टरांनी मराठवाड्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाबरोबर ठेवले. एकाला भात, दुसऱ्याला ज्वारीची भाकरी. आमच्याच्या मराठीत मधूनच कोंकणी शब्द येई आणि तो ऐकून दुसरा पोट धरून हसे. पण दोघेही रात्री दहाला दिवा मालवीत. आज तो मराठवाड्याचा मुलगा दर चवथीला गोव्यास येतो.

पुष्कळ ठिकाणी खोल्या रेक्टरच वाटतात, तेव्हा निवडीला वाव नसतो. तरी पहिल्याच संध्याकाळी काही गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. दिवा केव्हा मालवावयाचा, फोनवर बोलावयाचे ते खोलीत की व्हरांड्यात, मित्र आले तर किती वेळ बसतील, एकमेकांची वस्तू न विचारता घ्यावयाची की नाही. पैसे उसने देण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. प्रथम सत्रात ते देऊ नयेत आणि घेऊही नयेत. या बोलण्यास संकोच वाटतो खरा, पण महिन्याभराच्या अबोल्यापेक्षा तो बरा.

विद्यार्थिनींच्या वसतिगृहांत फाटक बंद होण्याची वेळ बहुधा मुलांच्यापेक्षा लवकरची असते. यांविरुद्ध दिल्लीच्या विद्यार्थिनींनी २०१५ साली ‘पिंजरा तोड’ ही चळवळ उभारली. अभ्यासिका रात्री उघडी असून मुलींना तेथे जाता येत नसेल, तर तो नियम अन्यायाचा आहे, असे आम्हांसही वाटते. प्रवेशापूर्वी पालकांनी ते विचारावे.

रॅगिंगची भीती पालक हळू आवाजात बोलून दाखवितात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे नवागतांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात ठेवावयाचे असते, आणि विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतले जाते. त्यावर न वाचता सही करू नये. तक्रारीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-५५२२ वहीत टिपून ठेवावा.

इतके करूनही सोबत्याशी पटले नाही, तर? पंधरा दिवसांत कंटाळून घरी फोन करू नये. नव्या जागेचा कंटाळा आणि सोबत्याचा कंटाळा यांतला भेद तेवढ्यात कळत नाही. सत्र संपेपर्यंत पाहावे. तरीही झोप व अभ्यास दोन्ही बिघडत असतील, तर खोली बदलून मागण्यात कमीपणा नाही. मात्र ज्याच्याबरोबर राहतो त्याला आधी सांगावे, मग रेक्टरांना लेखी अर्ज द्यावा. अर्जात सोबत्याची निंदा नको, आपली अडचण तेवढी लिहावी, आणि अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी.